सैल दोर

बिबळ्या एका गुडघ्यावर उतरतो, याचं कारण इतकंच, की कागदावर जागा नव्हती.

इचलकरंजीच्या एका छापखान्यात नाना खटावकर नावाचे गृहस्थ लग्नपत्रिका छापून उरलेल्या कागदावर ही चित्रकथा काढत. दिवसा एसटीचा कंडक्टर, अंधार पडला की बिबट्याचं कातडं पांघरून गुंडांच्या मानगुटीवर बसणारा त्यांचा बिबळ्या. पानाला आठ चौकटी आणि आठवी नेहमी अपुरी. कड्यावरून उडी घेऊन आलेला नायक तिच्यात उभा मावेना, म्हणून नानांनी त्याला एक गुडघा आणि एक मूठ जमिनीला टेकवून खाली बसवला. पोरांना वाटलं, वाघराची जातच अशी उतरत असणार. कागदावरचा गुडघा काही दुखत नाही, त्यामुळे नानांचंही काही गेलं नाही.

पुढे बिबळ्यावर चित्रपट निघाले, एकापाठोपाठ एक पाच. पडद्यावर तोंड असायचं एका देखण्या नटाचं आणि अंग असायचं कोल्हापूरच्या संताजी पोवारचं. नानांच्या चौकटीतली ती बैठक आता खऱ्या माणसाला खऱ्या उंचीवरून मारावी लागे. संताजीनं ती मारली, भाग एक ते भाग पाच, दहा दहा फुटांवरून. त्याच्या कमरेला नियमाप्रमाणे दोर असे, पण तो सैल. पाय सटकलाच तर धरायला, एवढाच. दोरावर वजन टाकून उतरणाऱ्याला त्यांच्या फायटर मंडळींत कुणी माणसात घेत नसे.

आणि मग लोकांना नुसतं बघून पोट भरेना, तेव्हा कातडं आलं.

कातडं बनवणाऱ्या कंपनीत संताजीची बायको हेमांगी इंजिनीअर होती. कंपनीच्या कागदोपत्री त्याला स्नायुवस्त्र म्हणत, पण ते नाव कंपनीच्या दारापर्यंतच टिकलं. गोष्ट तशी जुनीच होती. आपण हात उचलला की दंडातल्या स्नायूत बारीकसा विजेचा प्रवाह उठतो. तो त्वचेवरून टिपता येतो, आणि उलट बाहेरून तसाच प्रवाह दिला, तर मालकाच्या मनात नसतानाही स्नायू आखडतो. लकवा झालेल्या माणसांना चालवायला डॉक्टर ही युक्ती कधीपासून वापरत होते. कंपनीनं फक्त एवढं केलं, की संताजीच्या अंगातल्या एकूण एक स्नायूची लिपी पाचव्या भागाच्या चित्रीकरणात टिपून घेतली आणि अंगासरशी बसणाऱ्या पोशाखात भरली. पोशाख घालायचा, थोडा वेळ चालून-वाकून त्याला आपल्या अंगाची ओळख करून द्यायची, की मग ज्यानं उभ्या जन्मात कुंपण ओलांडलं नाही, तोही बिबळ्यासारखी झेप घेणार. झेप त्याची, पण पाय संताजीचे.

रविवारी सकाळी कोल्हापुरात मोठ्या मैदानावर चाळीस तरुण-तरुणी दहा फुटांच्या माचावरून बिनदोराची उडी घेऊन कातडं जगासमोर आणणार होते. आणि शनिवारी सकाळी कंपनीच्या नव्या हॉलमध्ये तेजल पडली.

तेजल ही चाचणीवाली. खो-खो खेळलेली, काटक मुलगी. याआधी तिनं हीच उडी कितीतरी वेळा मारली होती. आज छताला कप्पी बसवायची राहिली होती म्हणून दोर बांधला नाही, एवढाच काय तो फरक. ती हवेत गेली सुरेख, उतरलीही बरोबर पायांवर, आणि मग तिचे दोन्ही पाय दुमडले. गुडघा फरशीवर आदळला त्याचा आवाज हेमांगीला काचेपलीकडे ऐकू आला.

"दमली असेल," कंपनीचे साहेब सबनीस म्हणाले. "इतक्या उड्या झाल्या आपल्या, कुणाचा पाय तरी मुरगळला का?"

तेजलला दवाखान्यात पाठवून हेमांगी आकडे काढून बसली. तिला वाटलं होतं, पोशाखात बिघाड निघेल. निघाला असता तर बरं झालं असतं. पोशाखानं काहीच चुकवलं नव्हतं, संताजीची लिपी अक्षर न् अक्षर तशीच तेजलच्या पायात उतरली होती.

उंचावरून उतरताना माणसाचे स्नायू जमीन लागल्यावर आवळत नाहीत, आधीच आवळतात. डोळ्यांनी उंची मापलेली असते, अंगाला हिशेब ठाऊक असतो. जिन्याची एक पायरी बाकी आहे आणि आपल्याला वाटतं संपला, तेव्हा जो हादरा बसतो, तो स्नायू बेसावध राहिल्याचा. हेमांगीनं संताजीचे स्नायू जमिनीला पाय लागण्याआधी किती आवळले होते ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. उडी दहा फुटांची होती, आणि अंगानं तयारी केली होती सहा फुटांची.

मधले चार फूट कुणी खाल्ले?

उत्तर एकच होतं आणि ते तिला नको होतं. दोरानं. म्हणजे दोर सैल नव्हता.

आता, संताजी पोवार म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. वीस वर्षं तो दुसऱ्याच्या तोंडाखाली उड्या मारत होता. कातड्याचा करार झाला तेव्हा पहिल्यांदा त्याचं नाव पडद्यावर आलं, 'देह : संताजी पोवार'. गावानं त्याला फेटा बांधून मिरवला. चार लोक आता त्याला ओळखत होते ते एकाच गोष्टीसाठी. बिबळ्याची उडी हा माणूस स्वतःच्या पायांवर मारतो, या एका गोष्टीसाठी.

हेमांगीनं सबनीसांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेणाऱ्या साहेबाची तिला नेहमी भीती वाटे.

"मॅडम, एका उडीवरून मी उद्याचं मैदान रद्द करू? आणि तुम्ही म्हणताय तसं असेल, तर करारात सोय आहेच. देहाचा मालक कधीही आपला ठसा, म्हणजे ही टिपलेली लिपी, मागे घेऊ शकतो, तो कायदाच आहे. तुमच्या मिस्टरांनी एक शब्द टाकला, की त्या क्षणी सगळी कातडी बंद. त्यांनाच विचारा ना."

"जोर वाढवून देता येईल का?" तेवढ्यात केबिनमधल्या दुसऱ्या एका इंजिनीअरनं विचारलं.

"अंदाजानं?" हेमांगी म्हणाली. "जास्त झाला तर हाडं मोडतील. खरी उडी टिपल्याशिवाय खरा जोर कळणार नाही."

ती घरी आली तेव्हा संताजी जेवून सुपारी कातरत बसला होता. खुर्चीवर उद्याचा फेटा कडक इस्त्री करून ठेवलेला. तिनं गोल गोल फिरून विचारायचं ठरवलं होतं, पण त्याच्यासमोर तिला ते कधीच जमलं नव्हतं.

"अहो, पाचव्या भागातली उडी. दोर ताणला होता का?"

अडकित्ता थांबला. "काय म्हणालीस?"

"तेजल पडली आज. गुडघा गेला तिचा. तुमच्या ठशात उतरण्याचा जोर कमी आहे. आकडे सांगतात की कुणीतरी—"

"मी दोरावर उतरलो म्हणतीस?"

"मी नाही, आकडे म्हणतात."

"मग आकड्याशीच लगीन लावायचं हुतंस." तो उठला. उठताना त्यानं डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरली, आणि धरल्याचं तिला कळू नये म्हणून लगेच सोडली. "आईची शपथ घिऊन सांगतो, हेमा. दोर सैल हुता. एकूण एक उडीला. आप्पा हुता दोरावर, जा इचार त्याला. माझ्या पायाला कळत न्हाई व्हय, कोण उतरलंय ते?"

शपथ खोटी नव्हती. अठरा वर्षांच्या संसारात त्याचा खोटा आवाज कसा लागतो ते तिला पाठ होतं, आणि हा तो नव्हता. त्यामुळे तिला आणखीच भीती वाटली. खोटं बोलणाऱ्याला पटवता येतं, खरं बोलणाऱ्याला कसं पटवायचं?

"उद्या चाळीस पोरं उडी मारणार आहेत. तुम्ही एक शब्द टाकलात तर—"

"शब्द टाकायचा म्हंजे काय म्हणायचं? संताजी पोवारनं आजवर लोकास्नी फशिवलं म्हणून?" त्यानं तिच्यादेखत फोन उचलला आणि सबनीसांना लावला. "सायेब, उद्या पैली उडी माझी. कातडं न्हाई, दोर न्हाई. त्याच माचावरनं. मी उतरलो, की मग पोरं."

पलीकडून सबनीसांचा आनंद खोलीभर ऐकू आला. याहून चांगली जाहिरात त्यांना विकत मिळाली नसती.

हेमांगी तशीच पायात चपला सरकवून आप्पांकडे निघाली.

आप्पा हे तिचे थोरले दीर. जुन्या तालमीमागच्या शेडमध्ये त्यांचं राज्य होतं. तांबडी माती, आढ्याला कप्प्या, आणि मनगटाएवढे दोर. संताजीच्या प्रत्येक उडीचा दोर त्यांच्या हातात असे. कातड्याच्या चाचण्याही कालपर्यंत तिथेच झाल्या होत्या, कारण कंपनीचा हॉल तयार नव्हता. मातीत उतरण्याचा धक्का मोजायचं यंत्र बसत नाही, म्हणून तो तिथं कुणी मोजलाही नव्हता. आणि चाचणीवाल्यांचा दोरही आप्पांकडेच. वाटेत हेमांगीला हे सुचलं आणि तिनं रिक्षातच फोनवर कातड्यांच्या नोंदींतून सगळ्यांच्या उड्या तपासल्या. प्रत्येकाच्या अंगानं सहाच फुटांची तयारी केलेली, आणि तरी कुणी पडलेलं नाही.

आप्पा दोराला मेण लावत बसले होते. त्यांनी तिला बसायला पेटी दिली, चहा मागवला, तिचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं.

"आप्पा, तुम्ही दोर ओढत होता का?"

"दोर सैल हुता."

"चाचणीवाल्यांचा?"

"समद्यांचा सैल हुता."

"रागवू नका, पण ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का, की थोडा ताण म्हणून?"

तेव्हा मात्र आप्पांनी वर पाहिलं. "त्यो? त्यो मरंल, पर सांगायचा न्हाई." आणि पुन्हा मेण लावू लागले.

तिनं त्यांना सांगितलं, की उद्या संताजी बिनदोराची उडी मारणार आहे. त्याच्या डाव्या मांडीचा जोर उजवीपेक्षा कितीतरी कमी आहे, ते तिच्याकडच्या आकड्यांत दिसतं. आप्पांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी तो तसाच बशीतून प्यायला.

"उतरंल की," ते म्हणाले. "त्याची उडी हाय ती."

याच्यापुढे ते काही बोलले नाहीत. दोरावर जे होतं ते दोरावरच ठेवायचं, ही त्या लोकांची जुनी रीत. दोर धरणारा कधी तोंड उघडत नाही, म्हणून तर उडी मारणारा डोळे झाकून त्याच्यावर जीव टाकतो. हेमांगीला ही रीत माहीत होती. आज पहिल्यांदा तिला त्या रीतीचा संताप आला.

रविवारी मैदान फुललं होतं. बिबट्याचे मुखवटे घातलेली पोरं बापांच्या खांद्यांवर बसली होती. माचाच्या एका अंगाला चाळीस जणांची रांग, सगळे ठिपक्यांच्या कातड्यात. सर्वांत पुढे गडहिंग्लजहून आलेली एक मुलगी होती, ऐश्वर्या नावाची. ती सारखी टाचांवर उडत होती आणि हेमांगी दिसली की हात हलवत होती. मॅडमनीच तिच्या कातड्याला तिच्या अंगाची ओळख करून दिली होती ना!

हेमांगीला त्या मुलीकडे बघवेना. तिनं देवाचं नाव घ्यायला हात जोडले आणि मागायचं काय, तेच कळेना. संताजी धड उतरू दे म्हणावं, तर त्याच्यामागून ही चाळीस पोरं उडी घेणार आणि लाकडासारखी मोडणार. संताजी पडू दे म्हणावं? ज्या बाईनं अठरा वर्षं त्या माणसाच्या गुडघ्याला तेल चोळलं, तिनं? तिनं जोडलेले हात सोडले.

माचावर चढायच्या आधी ती त्याला आडवी गेली. "मी पाया पडते. नका चढू."

"लोक बघाय लागल्यात," तो म्हणाला. आवाज मऊ होता, पण तो थांबला नाही.

शिडी चढताना त्यानं एकेक पायरी दोन्ही पाय ठेवत घेतली. लोकांना वाटलं, ऐट. सबनीसांनी कर्ण्यावरून गर्जना केली, ढोल वाजले आणि बंद पडले. वरून खाली फक्त पातळसा गालिचा दिसत होता.

हेमांगीनं गर्दीत आप्पांना शोधलं. ते गर्दी अडवायला बांधलेली दोरी ओलांडून पुढं आले होते आणि माचाच्या डाव्या अंगाला एकटेच उभे होते. स्वयंसेवकांनी हटकलं तरी हलत नव्हते. ती धावत त्यांच्यापाशी गेली.

"आप्पा, अजून वेळ आहे. काय असेल ते बोला. तुमच्या भावासाठी बोला!"

आप्पांनी ऐकलंच नाही. त्यांची नजर वर होती.

चित्रीकरणात उडी मारणारा कधी खाली बघत नाही, समोर बघतो, कॅमेऱ्याकडे. आज समोर कॅमेरा नव्हता, नुसती माणसं होती. चवड्यांवर पहिला हेलकावा घेताना संताजीनं सवयीनं समोर पाहिलं आणि मग, कुणास ठाऊक का, भाऊ कुठे आहे ते बघायला खाली पाहिलं.

आप्पांनी दोन्ही टाचा मातीत रोवल्या होत्या. पाठ मागे टाकली होती. डाव्या मनगटाला वेढा द्यावा तसा हात फिरला होता आणि दोन्ही मुठी कमरेशी आवळलेल्या. गळ्याच्या शिरा फुगलेल्या. हातांत काही नव्हतं.

सैल दोर धरणारा माणूस असा उभा राहत नाही. सैल दोर धरणारा सरळ उभा राहतो आणि दोर सोडत जातो. ही बैठक वजन घ्यायची होती. संताजी लहानपणापासून दोरावर वाढला होता, त्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसरा हेलकावा अर्ध्यात थांबला. मैदान गप्प झालं.

"आप्पा," संताजी वरून म्हणाला. तो ओरडला नाही, पण ऐकू गेलं. "दोर कुठाय तुझ्या हातात?"

आप्पांनी आपल्या मुठींकडे पाहिलं. ते हात आपले आहेत हेच त्यांना पटत नसावं, असे बराच वेळ पाहत राहिले. मग मुठी सुटल्या.

"कळत न्हाई रं मला," ते म्हणाले. "कुणी बी वरनं निघालं की हात ओढत्यात. तुझ्यासाठीच नव्हं, कुणासाठी बी. मी न्हाई ओढत. हात ओढत्यात."

म्हणजे संताजीनं खोटं सांगितलं नव्हतं, आणि आकड्यांनीही नव्हतं. शेवटच्या क्षणी दोर ताणला जायचा, तो इतका हळुवार की ज्याच्या कमरेला होता त्यालाही कळू नये. वर्षानुवर्षं अंगाला हेच शिकायला मिळालं, की दहा फूट म्हणजे सहाच फूट. तेच शिकलेलं अंग ठशात उतरलं, आणि चाचणीत पुन्हा त्याच हातांनी सगळ्यांना सांभाळून घेतलं. मायेनं केलेली चूक अशी असते, ती कुणाला लागत नाही, तोवर दिसत नाही. हेमांगी तिथंच मातीत बसली.

"पोवारसाहेब!" सबनीस कर्ण्यावरून हसत म्हणाले. "लोक वाट बघतायत! होऊन जाऊ दे!"

संताजी माचाच्या कडेवर उभा होता. खाली चाळीस जणांनी माना वर केल्या होत्या. ऐश्वर्यानं उडी पाहायला डोळ्यांवर आडवा हात धरला होता. तो पाहत राहिला तिच्याकडे, आणि हेमांगीला त्याचा चेहरा दिसला. एवढा घाबरलेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता.

मग तो वळला आणि शिडीनं उतरायला लागला.

बिबळ्या शिडीनं उतरतोय! आधी कुणाला खरं वाटेना. मग कुठूनशी शिट्टी आली, मग हसण्याचा लोट, मग शिव्या. तो एकेक पायरी उतरत होता आणि प्रत्येक पायरीला गलका वाढत होता. खाली आल्यावर त्यानं सबनीसांच्या हातातून माईक घेतला, ओढूनच घेतला.

"माझा ठसा मी माघारी घेतोय. हेमा, बंद कर समदं."

तिनं फोनवरून ठसा बंद केला. रांगेतल्या चाळीस कातड्यांवरचे दिवे एकदम विझले.

"ऐका," संताजी म्हणाला. "पडद्यावर मी उतरायचो तवा मला दोर हुता. मला ठावं नव्हतं, पर हुता. आन् दोरावर माझा भाऊ हुता. तुमच्या कातड्यात माझे पाय हाईत, माझा भाऊ न्हाई. म्हणून उडी मारायची न्हाई. कुणी बी मारायची न्हाई."

सबनीसांच्या माणसांनी माईकची वायर काढली, पण तोवर बोलून झालं होतं. एक बाटली येऊन माचावर फुटली. एका पोरानं आपला मुखवटा काढला आणि पायाखाली घेतला. ऐश्वर्या रडत होती. तिचं वर्षभराचं स्वप्न होतं, आणि तिला कुणी पटवून सांगितलं असतं की आत्ता तुझे पाय वाचले, तरी तिचं रडं थांबलं नसतं.

गर्दी पांगली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. फेटा सोडून संताजी शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. समोर आप्पा उभे, लहान पोरानं चूक केल्यावर उभं राहावं तसे.

"एकदा तरी सोडायचं हुतंस, आप्पा," संताजी म्हणाला. "एकदा तरी. माझं मला कळलं असतं."

"आन् तू उठला नसतास तर?"

वीस वर्षांतली कुठलीच उडी आता संताजीची एकट्याची उरली नव्हती, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हेमांगी त्याच्याशेजारी जाऊन बसली. मग त्यानं लोकांसमोर जे कधी केलं नव्हतं ते केलं, डावा गुडघा दोन्ही हातांत धरला.

"लई दुखतोय गं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

उत्तर आप्पांनी दिलं.

"तिसऱ्या भागापासनं," ते म्हणाले. "तवापासनं ह्यो दोरावर डाव्या अंगाला जड यायला लागला."